क्रेडिट कार्डाच्या वेलकम बोनसवर विमानाचं तिकीट कसं काढायचं

पॉइंट वापरून विमानाचं तिकीट काढता येतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण रोजच्या खर्चावर जमतील तेवढे पॉइंट गोळा करत बसलं तर एका तिकिटापुरते जमायलाच वर्षानुवर्षं जातात. खरे पॉइंट मिळतात ते वेलकम बोनसमध्ये. नवीन कार्ड घेतलं, ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केला, की बँक एकदम मोठा गठ्ठा देते. हिशोब करून बघा. समजा कार्ड दर १०० च्या खर्चावर २ पॉइंट देतं, तर ४०,००० पॉइंट व्हायला २० लाखांचा खर्च करावा लागेल, आणि तेच ४०,००० बोनस म्हणून १ लाखाच्या खर्चावर मिळत असतील तर कुठे लक्ष द्यायचं हे कळतंच. बँक हे का देते? तिला ग्राहक हवा असतो आणि पुढे त्यातले बरेच जण व्याज भरतात, त्यातून तिचा खर्च निघतो. आपण ते व्याज भरायचं नाही.

म्हणून सुरुवातीलाच सांगते, ज्यांच्या कार्डावर आत्ता थकबाकी आहे किंवा ज्यांना महिन्याचं पूर्ण बिल भरायला ओढाताण होते त्यांनी यात पडूच नका. महिना ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले, आणि वर नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, भरला तर बऱ्याच कार्डांवर पुढच्या नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एवढं व्याज भरून मिळालेलं तिकीट फुकट कसलं. ऑटो-पे लावा, पूर्ण रकमेचं लावा, मग पुढचं वाचा.

पायरी १: आधी प्रवास ठरवा, मग कार्ड

लोक नेमकं उलटं करतात. जाहिरात दिसली, बोनस मोठा वाटला, कार्ड घेतलं, आणि मग कळतं की ते पॉइंट ज्या एअरलाइनला जातात ती आपल्याला हव्या त्या ठिकाणी जातच नाही. आधी कागदावर लिहा: कुठे जायचंय, साधारण कधी, किती माणसं. मग त्या मार्गावर कोणत्या एअरलाइन उडतात ते बघा, आणि त्या कोणत्या अलायन्समध्ये, म्हणजे एअरलाइनच्या गटात, आहेत ते बघा. मोठ्या अलायन्स तीन आहेत, स्टार अलायन्स (१९९७ पासून), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). याचा उपयोग असा की एका एअरलाइनचे माइल्स (म्हणजे एअरलाइनचे स्वतःचे पॉइंट, बँकेचे पॉइंट तिकडे पाठवले की त्यांचे हे होतात) वापरून तिच्या अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाइनच्या विमानात बसता येतं, आणि एकाच विमानातल्या एकाच सीटला एका एअरलाइनच्या माइल्स प्रोग्राममध्ये जितके माइल्स लागतात त्याच्या दीडपट दुसऱ्यात लागू शकतात. हे समजलं की निम्मं काम झालं.

पायरी २: अर्ज करायच्या आधी सीट शोधा

पॉइंटवर मिळणाऱ्या स्वस्त सीट प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, आणि बऱ्याच एअरलाइन त्या साधारण ११ महिने आधी उघडतात. एअरलाइनच्या साइटवर फुकट खातं उघडा आणि ‘माइल्स वापरून बुक करा’ असं निवडून आपल्या तारखा टाकून बघा, खात्यात एकही माइल नसला तरी बहुतेक साइटवर दिसतं. एकट्यासाठी सीट मिळते तिथे चौघांसाठी मिळेलच असं नाही, त्यामुळे शोधताना जितकी माणसं तितका आकडा टाका. आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन टॅक्स किती लागतोय ते बघाच, काही एअरलाइन फ्युएल सरचार्ज (इंधनाचा वेगळा आकार) एवढा लावतात की पॉइंट देऊनही खिशातून बरंच जातं.

आता पॉइंटची किंमत काढा. रोख तिकिटाच्या किमतीतून टॅक्स वजा करा आणि उरलेल्याला पॉइंटने भागा. तिकीट ३०,००० चं, टॅक्स ४,०००, पॉइंट लागतात २०,०००, तर २६,००० भागिले २०,००० म्हणजे एका पॉइंटला १.३० मिळाले. बँकेच्या कॅटलॉगमधून पॉइंटवर वस्तू किंवा व्हाउचर घेताना याच पद्धतीने भागून बघा, सहसा आकडा बराच खाली येतो, म्हणून पॉइंट तिकडे घालवू नका असं मी म्हणते.

पायरी ३: कार्ड निवडताना अटी वाचा

सगळं बारीक अक्षरातलं वाचा, अर्धा तास जाईल पण जाऊ दे. मुद्दे चारच आहेत. खर्च किती आणि किती दिवसांत. वार्षिक फी किती, आणि ती भरल्याशिवाय बोनस मिळतो का. पूर्वी हे कार्ड घेतलेलं असेल तर बोनस मिळतो का, कारण बऱ्याच बँका तो एकदाच देतात. आणि कोणता खर्च धरत नाहीत: कॅश काढणं, बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डाची थकबाकी या कार्डावर आणणं), फी आणि व्याज तर जवळपास कुठेच धरत नाहीत, आणि भाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, टॅक्स, इन्शुरन्स यांचं कार्डागणिक बदलतं. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

दोन कार्डांत अडकलात तर एकाच एअरलाइनचं कार्ड घेण्यापेक्षा ज्याचे पॉइंट अनेक एअरलाइनना पाठवता येतात ते बरं, हे माझं मत. प्लॅन बदलतात, सीट जातात, हातात पर्याय असलेला चांगला.

पायरी ४: अर्जाची वेळ साधा

खर्चाची अट पूर्ण करायला नको ती खरेदी करायची नाही, तर जो खर्च तसाही होणारच आहे त्याच्या तोंडावर अर्ज करायचा. मुलांची फी, फ्रिज बदलायचाय, घरातलं एखादं काम. पुढच्या तीन महिन्यांचा नेहमीचा खर्च मांडा, त्यात अट बसत नसेल तर ते कार्ड आपल्यासाठी नाही, सोडून द्या. आणि एका वेळी एकच कार्ड. प्रत्येक अर्जाला बँक क्रेडिट रिपोर्ट तपासते त्याची नोंद होते, पाठोपाठ चार नोंदी दिसल्या की पुढची बँक बिचकते. होम लोन काढायचं असेल तर आधीचे काही महिने नवीन कार्डाचा विचारच नको.

पायरी ५: दिवस मोजा, आणि बरोबर मोजा

इथे मी स्वतः एक बोनस घालवलाय म्हणून सविस्तर लिहिते. मुदत ९० दिवसांची होती, मी कार्ड ज्या दिवशी घरी आलं त्या दिवसापासून मोजत होते, माझ्या हिशोबाने ८४ वा दिवस होता आणि त्या दिवशी शेवटची खरेदी करून मी निर्धास्त झाले. बोनस काही येईना. फोन केला तेव्हा समोरच्या मुलीने शांतपणे मंजुरीची तारीख वाचून दाखवली, कार्ड त्यानंतर ९ दिवसांनी पोचलं होतं, म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी ९३ व्या दिवशी पोचले. नियमात लिहिलेलं होतंच. खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. वर मंजुरीची तारीख, खाली शेवटची तारीख, आणि ती खऱ्या तारखेच्या १५ दिवस आधीची. त्याखाली प्रत्येक खर्च, आणि उजवीकडे लाल पेनाने रिफंड. कारण वस्तू परत केली की ती रक्कम वजा होते, आणि मुदत संपल्यावर रिफंड आला तर दिलेला बोनससुद्धा परत घेतला जाऊ शकतो. अटीपेक्षा थोडा जास्त खर्च होऊ द्या, काठावर थांबू नका.

पायरी ६: सीट समोर दिसल्याशिवाय पॉइंट हलवू नका

बोनस सहसा बिल निघाल्यावर किंवा त्यानंतर काही आठवड्यांनी जमा होतो. आला की लगेच एअरलाइनकडे पाठवायची घाई होते, पण एकदा पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. प्रमाणही बघा, १:१ असेल तर ४०,००० चे ४०,००० माइल्स, २:१ असेल तर २०,०००च. काही ट्रान्सफर मिनिटात होतात, काहींना दिवस लागतात, तेवढ्यात सीट गेली तर? म्हणून एअरलाइन फोनवर सीट होल्ड करून देते का ते आधी विचारा आणि एकापेक्षा जास्त तारखा तयार ठेवा. खात्यावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, एवढ्यावरून ट्रान्सफर अडकतात. उलट पॉइंट साठवून ठेवण्यातही अर्थ नाही, प्रोग्राम कधीही दर वाढवतात आणि तुमचे तेवढेच पॉइंट कमी पडायला लागतात.

कार्डाचं नंतर काय? बोनस आला म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करू नका, बँकेला ते आवडत नाही आणि काही बँका बोनस परत घेतात. वार्षिक फीच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर लावा, तेव्हा फी माफ होते का किंवा बिनफीच्या कार्डावर बदलून मिळतं का ते विचारा, नाहीतर बंद करा, पण बंद करायच्या आधी उरलेले पॉइंट वापरा. एअरलाइनच्या खात्यात गेलेले माइल्स सहसा राहतात, बँकेकडचे बहुतेक वेळा कार्डाबरोबर जातात.

तिकीट पार्टनर एअरलाइनचं काढलं असेल तर त्यांचा वेगळा पीएनआर असतो, तो मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर टाकून बघा. तिथे नाव, तारीख आणि तिकीट नंबर तिन्ही दिसले की सीट आणि जेवण निवडा. आठवड्याने एकदा परत उघडून बघा, वेळापत्रक बदललं तर कळवणारा ईमेल कधीकधी येतच नाही.