घरच्या खव्यासाठी बर्नर आणि कढई कशी निवडावी

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्यांवर लाकडाचा जाळ असतो. आच जास्त झाली की लाकूड मागे ओढायचं, कमी पडली की आत सारायचं. गॅसच्या बर्नरला ही सोय आपोआप मिळत नाही. घरी दहा-वीस लिटर दूध आटवायला बर्नर घेणाऱ्यांची खरेदी नेमकी इथेच फसते, कारण सगळे बर्नरची मोठी आच बघून पैसे देतात. खवा मात्र बिघडतो तो लहान आचेवर.

आधी हिशोब. म्हशीच्या १० लिटर दुधाचा साधारण २ किलोच्या आसपास खवा होतो, म्हणजे जवळजवळ ८ किलो पाणी वाफ करून उडवायचं आहे. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर २ ते अडीच किलोवॅटचा. त्यावर हे काम चार तासांच्या घरात जातं आणि हात ढवळून गळून जातो. ८ किलोवॅटच्या बर्नरवर तेच दीड-पावणेदोन तासांत उरकतं. गॅस साधारण १ किलो लागतो. दुधात पाणी असेल तर त्या पाण्याच्या लिटरमागे सव्वाशे ग्रॅम गॅस वर, म्हणून लॅक्टोमीटर घ्याच. मात्र तो पाणी ओळखतो, फॅट सांगत नाही.

आठ किलोवॅटच्या वर जाऊ नका. पन्नास लिटरच्या भट्टीसाठी बनवलेला बर्नर ‘पुढंमागं कामाला येईल’ म्हणून घेतला, की पाच लिटर दूध त्यावर दहा मिनिटांत बुडाला धरतं.

आता खरी परीक्षा. दुकानदार कॉक पूर्ण उघडतो, बर्नर भरारतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्याला थांबवा. कॉक अगदी कमी करायला सांगा आणि पाच मिनिटं तिथेच उभे राहा. सगळ्या छिद्रांतून निळी, सारख्या उंचीची ज्योत हवी. एका बाजूची छिद्रं विझली, किंवा ‘फट्’ आवाज होऊन ज्योत वरून गायब झाली आणि खाली जेटपाशी (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीपाशी) फुसफुसायला लागली, तर तो बर्नर खव्याच्या कामाचा नाही. गॅसचा वेग मंदावला की आग उलटी बर्नरच्या नळीत शिरते. घरी असं झालं तर कॉक लगेच बंद करा, नळी पूर्ण गार होऊ द्या, मगच पुन्हा पेटवा.

यावर इलाज म्हणजे दोन कड्यांचा बर्नर, आणि प्रत्येक कड्याला वेगळा कॉक. एकाच कॉकवर दोन्ही कडी चालवणारा बर्नर स्वस्त पडतो, पण त्याचा उपयोग नाही. सुरुवातीला दोन्ही कडी पूर्ण. दूध रबडीसारखं झालं की बाहेरचं कडं बंद. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की आतलंही अर्ध्यावर. एकाच जेटचा, मधोमध सुळका मारणारा बर्नर तर घेऊच नका. दूध पातळ असतं तेव्हा ते स्वतःच फिरून उष्णता पसरवतं. घट्ट झाल्यावर ते फिरणं थांबतं, पाणी कमी उरतं आणि बुडाचं तापमान शंभराच्या वर झपाट्याने चढतं. मध्यभागी रुपयाएवढा डाग जरी करपला, तरी वास सगळ्या खव्यात उतरतो. मग वेलदोडे टाकून काही होत नाही.

जास्त दाबाच्या बर्नरला घरगुती रेग्युलेटर जोडून पिवळी, मरतुकडी ज्योत आली म्हणून जेटचं भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करणारे आहेत. करू नका. अशा बर्नरला जास्त दाबाचा, चाकाने कमी-जास्त होणारा रेग्युलेटर, त्याच दाबाची नळी आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. खवा विकणार असाल तर घरगुती लाल सिलिंडर वापरता येत नाही.

आणखी एक. जुन्या लाकडाच्या भट्टीच्या खड्ड्यात बर्नर उतरवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यातच साचतो. बर्नर जमिनीच्या वर, तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा (एप्रिलमधलं वारं निम्मी आच पळवतं), आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर.

कढई लोखंडी, गोल बुडाची, तीन-चार मिलिमीटर जाड. पातळ स्टीलची कढई जागोजागी लागते. दूध कढईच्या निम्म्याहून कमी भरावं, कारण उकळताना ते फुगून वर येतं. म्हणून १० लिटरला पंचवीसेक लिटरची कढई. गोल बूड डुगडुगू नये यासाठी लोखंडी कडं बसवलेला स्टँड हवा. उंची अशी ठेवा की ज्योतीचं टोक बुडाला लागेल, पण आतला फिकट निळा कोन लागणार नाही. तो लागला की काजळी धरते.

उलथणं चपट्या तोंडाचं, लाकडी दांड्याचं. धार कढईच्या गोलाईला बसते का ते दुकानातच घासून बघा. मध्ये फट राहिली तर तिथलं दूध खरवडलं जात नाही, आणि करपतं ते तिथूनच.

परात जवळ असू द्या. लोखंड गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून गोळा किंचित ओला वाटतो तेव्हाच कढई उतरवून खवा परातीत काढा. कढईत राहिलेला खवा पाच मिनिटांत खालून लाल होतो.