रेकॉर्ड केलेला कार्यक्रम ‘लाइव्ह’ दाखवताना आवाज का बिघडतो? या चुका टाळा

मुंबईत व्याख्यानमाला, दिवाळी पहाट, शाळांची स्नेहसंमेलने आणि मंडळांचे वर्धापनदिन असे आधी चित्रित करून ठेवलेले कार्यक्रम ठरलेल्या वेळी यूट्यूबवर किंवा फेसबुकवर ‘लाइव्ह’ दाखवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. अशा प्रक्षेपणात चित्र बहुधा ठीक दिसते, पण आवाज घुमतो, दबतो, मध्येच बुडतो किंवा फाटतो. तीच फाईल लॅपटॉपवर वाजवून पाहिली, तर ती स्वच्छ असते. म्हणजे बिघाड रेकॉर्डिंगमध्ये नसून फाईल आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कुठेतरी झालेला असतो.

थेट प्रक्षेपणाची बहुतेक साधने समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा माइक सांभाळण्यासाठी घडवलेली आहेत. आजूबाजूचा गोंगाट दाबणे, प्रतिध्वनी पुसणे, लहान-मोठा आवाज एकसारखा करणे ही कामे ती आपणहून करतात. रेकॉर्डिंगमध्ये ती सगळी कामे आधीच होऊन गेलेली असतात. त्यामुळे तयार आवाजाला वाटेत कोणाचाही हात लागू न देता तो पोहोचवणे एवढेच आपले काम उरते. पुढच्या बहुतेक चुका हा नियम मोडल्यामुळे होतात.

लाइव्हची गरज नसताना लाइव्ह करणे

संपूर्ण कार्यक्रम आधीच तयार असेल आणि मध्ये कोणी प्रत्यक्ष बोलणार नसेल, तर यूट्यूबवर तो ‘प्रीमियर’ म्हणून लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फाईल आधी चढवून ठेवता येते, ठरलेल्या वेळी ती सर्वांसाठी एकाच वेळी सुरू होते आणि शेजारी गप्पांची चौकटही चालू राहते. प्रेक्षकाला फरक फारसा जाणवत नाही, पण आवाजाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. अपलोडसाठी यूट्यूब स्टिरिओ आवाज ३८४ केबीपीएसने (सेकंदाला ३८४ किलोबिट; याच वेगाला बिटरेट म्हणतात) देण्यास सुचवते, तर लाइव्हसाठी १२८ केबीपीएस सुचवते. शिवाय त्या संध्याकाळी इमारतीतले इंटरनेट गेले, तरी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होतो. पावसाळ्यात ही निश्चिंतता मोलाची असते. गाण्यांच्या हक्कांची तपासणीही आधीच होते, त्यामुळे ऐन कार्यक्रमात प्रक्षेपण थांबण्याचा धोका राहत नाही. प्रत्यक्ष निवेदन, प्रश्नोत्तरे किंवा झूमवरचे पाहुणे असतील, तरच पुढची खटपट करावी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल वापरणे

संपादकाने व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो उतरवून घेतला, की प्रक्षेपण सुरू होण्याआधीच आवाजाचे नुकसान होऊन गेलेले असते. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा आवळते, म्हणजे फाईल लहान करण्यासाठी दाबते. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर ती जशीच्या तशी पोहोचते. मात्र २ जीबीपेक्षा मोठी फाईल त्या वाटेने जात नाही. ड्राइव्हची लिंक किंवा पेन ड्राइव्ह हेच उत्तम.

एएसीसारख्या पद्धतीने आवाज आवळला, की प्रत्येक फेरीत त्यातले काहीतरी कायमचे गळते. लाइव्हमध्ये एक फेरी आपल्या संगणकावर आणि दुसरी यूट्यूबच्या सर्व्हरवर होणारच असते. त्यामुळे त्याआधीच्या फेऱ्या टाळाव्यात. संपादकाकडे अंतिम फाईल मागताना आवाज न आवळलेला, म्हणजे पीसीएम स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झवर मागावा. २४ बिट स्टिरिओमध्ये तासाभराच्या अशा आवाजाला साधारण १ जीबी जागा लागते, आणि आजच्या डिस्कच्या मानाने ती फार नाही. ते जमत नसेल, तर ३२० केबीपीएसचा एएसी चालतो.

फाईल प्लेअरमध्ये वाजवून तिचा आवाज ‘पकडणे’

टीव्हीवर व्हिडिओ लावून त्याच्यासमोर मोबाइल धरून फेसबुक लाइव्ह करणारे अजूनही आहेत. त्यात खोलीचा घुमार, पंखा आणि बाहेरचे हॉर्न या सगळ्यांचे रेकॉर्डिंग होते. लॅपटॉपवर व्हीएलसीत फाईल लावून ‘डेस्कटॉप ऑडिओ’ने, म्हणजे संगणकावर वाजणारे सगळे पकडणाऱ्या पर्यायाने, तिचा आवाज घेणे त्याहून बरे असले, तरी सुरक्षित नाही. व्हीएलसीचा आवाज १२५ टक्क्यांपर्यंत चढतो आणि शंभराच्या पुढे तो फाटू शकतो. अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या ‘एन्हान्समेंट्स’ सुरू असतात. त्या खर्ज वाढवतात किंवा लहान-मोठे आवाज एका पातळीला आणतात. व्हॉट्सअ‍ॅप वेबची टिंगही त्याच वाटेने प्रेक्षकांपर्यंत जाते.

एक कारण मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. विंडोजला कॉलसारखा संवाद सुरू झाल्याचे जाणवले, तर ते इतर आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते, आणि ही मूळची मांडणी असते. पाहुण्यांशी बोलायला झूम उघडले आणि गाणे अचानक दबले, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. ध्वनीच्या जुन्या सेटिंग्जमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर ‘डू नथिंग’ निवडावे.

ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर फाईल थेट ‘मीडिया सोर्स’ म्हणून घ्यावी, म्हणजे आवाज विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेतून न फिरता फाईलमधून सरळ मिक्सरमध्ये येतो. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप ऑडिओ’ आणि गरज नसलेले माइक ‘डिसेबल्ड’ करावेत. नुसते म्यूट केलेले माइक ऐनवेळी कोणाच्या तरी बोटाने सुरू होतात.

आवाज दुहेरी ऐकू येणे हा याच चुकीचा भाऊबंद आहे. कार्यक्रम आपल्यालाही ऐकू यावा म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मॉनिटर अँड आउटपुट’ निवडले जाते. तो आवाज हेडफोनमधून वाजतो आणि ‘डेस्कटॉप ऑडिओ’ सुरू असेल, तर तो त्याला पुन्हा पकडतो. दोन प्रतींमध्ये किंचित अंतर पडते आणि वक्ता पत्र्याच्या डब्यात बोलतो आहे असे वाटते. डेस्कटॉप ऑडिओ बंद केला, की हा दोष त्याच क्षणी जातो.

माइकचे फिल्टर संगीतावर चालवणे

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण भाषण त्यातून बऱ्यापैकी वाचते, संगीत वाचत नाही.

गोंगाट दाबणारा फिल्टर बोलणे आणि बाकीचे सगळे अशी विभागणी करतो. एकसारखा, न थांबणारा, हळू बदलणारा आवाज त्याच्या लेखी पंखा किंवा एसी असतो. तंबोऱ्याचा आवाज नेमका तसाच असतो. त्यामुळे गायक थांबला, की तंबोरा काही क्षणांत विरत जातो आणि पुढचा स्वर लागताच एकदम परत येतो. आलापीत लांबवर धरलेला स्वर आधी भरलेला असतो, मग पातळ होतो आणि शेवटी कडेने कुरतडल्यासारखा तुटतो. डग्ग्याची घुमक जाते, तबल्याची नुसती टकटक उरते. टाळ्यांचा तर फेस होतो. प्रेक्षक तक्रार करतात तेव्हा ‘आवाज लहान-मोठा होतोय’ एवढेच म्हणतात, आणि मग मिक्सरवर बसलेला माणूस फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर-खाली करत राहतो. मूळ दोष तिथे नसतोच.

ओबीएसमध्ये असे फिल्टर फक्त निवेदकाच्या माइकवर लावावेत. मीडिया सोर्सवर उजवी टिचकी मारून ‘फिल्टर्स’ उघडावे आणि ध्वनीच्या यादीत काहीही नाही याची खात्री करून घ्यावी. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारा) आणि गेन (आवाज वाढवणारा) यांनाही हाच नियम लागू.

झूममधून दाखवताना काळजी आणखी घ्यावी लागते. ‘शेअर स्क्रीन’च्या चौकटीत तळाशी असलेला ‘शेअर साउंड’चा पर्याय निवडला नाही, तर व्हिडिओचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडून माइकमधून आत शिरतो. हा आपल्याच स्पीकरचा प्रतिध्वनी आहे असे समजून झूम तो पुसून टाकू लागते, आणि मग अर्धे शब्द गायब होतात. तो पर्याय निवडून त्याच्या शेजारच्या बाणातून ‘स्टिरिओ’ घ्यावे आणि आपला माइक बंद ठेवावा. ‘ओरिजिनल साउंड’ची सोय माइकवरून प्रत्यक्ष गाणाऱ्यासाठी आहे, फाईल दाखवताना ती ‘शेअर साउंड’ची जागा घेत नाही.

आकड्यांत काटकसर करणे

इंटरनेट मंद आहे म्हणून आवाजाचा बिटरेट ६४ वर आणणे व्यर्थ आहे. चित्रासाठी ४५०० केबीपीएस जात असतील, तर १६० केबीपीएसचा आवाज त्यांच्या शंभरात चार टक्केही भरत नाही. भाषणाला १२८ पुरतात. संगीतासाठी १९२ ठेवावेत. कमी करायचेच असेल, तर चित्राचे आकडे कमी करावेत. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) फाईल, ओबीएस आणि विंडोज या तिन्ही ठिकाणी एकच, शक्यतो ४८ किलोहर्ट्‌झ ठेवावा. ४४.१ चा ४८ झाल्याने कानाला सहसा काही कळत नाही, पण निवेदकाचा माइक जोडलेल्या यंत्राचा आकडा वेगळा असेल, तर टिकटिक किंवा खरखर येऊ शकते.

पातळी चुकवणे

ओबीएसच्या मीटरवर उणे ९ डेसिबलच्या वर लाल पट्टी दिसते आणि ती पाहून घाबरून फेडर खाली ओढला जातो. तो पट्टा प्रामुख्याने प्रत्यक्ष माइकसाठी आहे. तयार रेकॉर्डिंगची शिखरे लाल भागात गेली तरी चालतात; ती शून्याला, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेला, टेकू नयेत, एवढेच. आवाज आवळताना शिखरे किंचित उंचावतात, म्हणून फाईलमधले सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या खाली असावे आणि फेडर शून्यावर, म्हणजे आवाज न वाढवता न घटवता, ठेवावा.

खरी गैरसोय होते ती निवेदन आणि रेकॉर्डिंग यांच्या पातळीत तफावत असल्यावर. प्रेक्षकाने गाण्यासाठी आवाज वाढवलेला असतो आणि निवेदिका कानावर आदळते. फाईलची सरासरी पातळी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने आधीच उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) आसपास आणावी आणि माइक तिच्याशी जुळवावा. मात्र ख्यालाचे रेकॉर्डिंग या आकड्यापर्यंत चढवण्यासाठी चेपू नये. विलंबित आलाप हळू असतो, तो हळूच राहू द्यावा. तिथे आकडा उणे १८ किंवा २० राहिला तरी बिघडत नाही, त्या भागापुरता निवेदनाचा आवाज उतरवावा.

एका कानाचा आणि उलट्या फेजचा आवाज

सभागृहाच्या मिक्सरमधून कॅमेऱ्यात आवाज घेताना ही गडबड वरचेवर होते. मिक्सरचा बॅलन्स्ड आउटपुट (एकच आवाज सरळ आणि उलटा अशा दोन तारांवर पाठवणारा) चुकीच्या वायरने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये घातला, तर डाव्या बाजूला सरळ आणि उजव्या बाजूला तोच आवाज उलटा नोंदला जातो. इअरफोनवर तो पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. पण बहुतेक लोक कार्यक्रम एकाच स्पीकरच्या साध्या फोनवर किंवा ब्लूटूथच्या डब्यावर ऐकतात. तिथे दोन्ही बाजू मिसळतात, एकमेकींना खोडतात आणि वक्ता नाहीसा होतो. टाळ्या मात्र ऐकू येतात, कारण त्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या माइकवरून आलेल्या असतात. अशा वेळी ओबीएसमध्ये ‘मोनो’ची (दोन्ही बाजू एकत्र करण्याची) खूण केली, तर उरलासुरला आवाजही जातो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या दोन बाजू वेगळ्या कराव्यात, एक काढून टाकावी आणि उरलेली मोनो म्हणून साठवावी. आवाज फक्त एकाच कानात येत असेल, तर उपाय हाच. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात योग्य वायर मागताना आउटपुट बॅलन्स्ड मोनो आहे आणि कॅमेऱ्याचे सॉकेट स्टिरिओ आहे, हे दोन्ही सांगावे.

ओठ आणि आवाज दूर जात असतील, तर

सुरुवातीपासून सारखेच अंतर असेल, तर ओबीएसच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये तेवढे मिलिसेकंद घालावेत. अंतर हळूहळू वाढत असेल, तर व्हिडिओ बहुधा फोनवर घेतलेला असतो आणि त्याचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बदलता असतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून तो स्थिर करावा आणि आवाजासाठी ‘पासथ्रू’ निवडावे, म्हणजे तो पुन्हा आवळला जात नाही. ही पारख ब्लूटूथ हेडफोन लावून करू नये. त्यांचा स्वतःचाच उशीर असतो. शिवाय त्यांचा माइक वापरात आला, की आवाज फोनच्या दर्जाचा आणि मोनो होतो, आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

चाचणी आणि ऐनवेळची तपासणी

आदल्या दिवशी ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारे) प्रक्षेपण करून कार्यक्रमातला सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा भाग दाखवून पाहावा. पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. चाचणीत आणि प्रत्यक्ष कार्यक्रमातही ओबीएसचे रेकॉर्डिंग सुरू ठेवावे आणि चित्राचा बिटरेट गरजेनुसार आपोआप बदलण्याचा पर्याय ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून चालू करून ठेवावा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात एकाने मोबाइल डेटावर, वायरच्या इअरफोनने, दुसऱ्या खोलीत बसून ऐकावे. प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, म्हणून दोष कळवताना त्याने घड्याळाची वेळ न सांगता कार्यक्रमातला शब्द किंवा ओळ सांगावी. तक्रार आली, की काहीही हलवण्याआधी आणखी दोन ठिकाणच्या प्रेक्षकांना विचारावे; एक ठाण्यात आणि एक दादरला असला तरी पुरे. एकालाच त्रास असेल, तर दोष त्याच्या जोडणीत आहे. सर्वांना असेल, तर मिक्सरमधले मीडिया सोर्सखेरीज सर्व काही म्यूट करावे. तरीही आवाज तुटत राहिला, तर चालू रेकॉर्डिंग थांबवून त्याचा शेवटचा भाग ऐकावा. तोही तुटका असेल, तर संगणकावरचा भार कमी करावा, ब्राउझर बंद करावा. तो स्वच्छ असेल, तर अडथळा इंटरनेटचा आहे. लॅपटॉप वायफायवरून काढून केबलवर घ्यावा किंवा आधी तयार ठेवलेल्या फोनच्या हॉटस्पॉटवर जावे, आणि आवाजाचे आकडे जसेच्या तसे राहू द्यावेत.