आईबाबांसाठी अमेरिकेत सवलतीचं भाड्याचं घर: अर्ज करताना या चुका टाळा

एका काकूंचं नाव घरभाड्याच्या सरकारी मदतीच्या, म्हणजे व्हाउचरच्या, यादीत चार वर्षं होतं. थंडी सोसत नाही म्हणून नोव्हेंबरात काका-काकू नेहमीप्रमाणे पुण्याला गेले. जानेवारीत न्यू जर्सीच्या पत्त्यावर पत्र आलं : तुम्हाला अजून घर हवं आहे का, चौदा दिवसांत कळवा. मुलाने ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात ठेवलं. मार्चमध्ये काकू परतल्या तेव्हा नाव कटलं होतं, आणि यादी नव्या अर्जांसाठी बंद झाली होती.

गेली काही वर्षं मी ओळखीतल्या ज्येष्ठांचे असे अर्ज भरायला बसते. आपल्या माणसांचे अर्ज उत्पन्न जास्त म्हणून क्वचितच अडलेले पाहिले. ते अडतात ते आपलं आयुष्य दोन देशांत पसरलेलं असतं म्हणून. घर इथे हवं असतं, फ्लॅट तिकडे असतो. कागदांवर नावं तीन तऱ्हेची असतात आणि वर्षाचे चार-पाच महिने पत्ताच बदललेला असतो. अर्जात या गोष्टींसाठी सोयीचा रकाना नसतो, म्हणून त्या आपणच आधी नीट लावून घ्याव्या लागतात.

एकच दार ठोठावू नका

'हाउसिंगचा फॉर्म भरला' असं लोक सांगतात, पण 'हाउसिंग' ही एक गोष्ट नाही. पहिलं दार पब्लिक हाउसिंगचं. यात इमारत हाउसिंग ऑथॉरिटीच्याच (अशी घरं आणि व्हाउचर सांभाळणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेच्या) मालकीची असते. दुसरं सेक्शन ८ च्या व्हाउचरचं. यात घर खासगी मालकाकडून आपण शोधायचं आणि भाड्याचा मोठा भाग ऑथॉरिटी थेट मालकाला देते. तिसरं दार पुष्कळांना माहीतच नसतं. ते म्हणजे सेक्शन २०२ च्या, ६२ वर्षांपुढच्या लोकांसाठी बांधलेल्या इमारती. त्या बहुधा ना-नफा संस्था चालवतात आणि प्रत्येक इमारतीची यादी वेगळी असते. तिथला अर्ज हाउसिंग ऑथॉरिटीत नव्हे, त्या इमारतीच्या कार्यालयात द्यायचा असतो. आपल्या ज्येष्ठांना मला हेच दार सगळ्यात सोयीचं वाटतं. लिफ्ट असते, शेजारी समवयस्क असतात आणि बाहेर जाऊन मालक शोधावा लागत नाही.

एका ठिकाणी अर्ज केला म्हणून दुसरीकडे करता येत नाही, असं नाही. शेजारच्या गावच्या, शेजारच्या काउंटीच्या याद्यांतही नाव घाला. स्थानिक रहिवाशांना प्राधान्य असू शकतं, पण बाहेरच्यांना बंदी नसते. न्यू जर्सीत गावोगावच्या ऑथॉरिटींखेरीज राज्याचं डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्सही व्हाउचर चालवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या मदतीच्या घरांसाठी 'चॅम्प' हा एकच सामाईक अर्ज आहे. याद्या किती भरलेल्या असतात ते न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून कळेल. तिथली सेक्शन ८ ची यादी जवळजवळ १५ वर्षांनी जून २०२४ मध्ये आठवडाभर उघडली. सहा लाखांहून जास्त अर्ज आले आणि त्यांतले दोन लाख लॉटरीने यादीत घेतले गेले. अशा लॉटरीत पहिल्या दिवशी अर्ज केला काय नि शेवटच्या दिवशी केला काय, फरक पडत नाही. म्हणून पहाटे उठून घाईत चुकीचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शांतपणे भरा.

अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी 'प्रोसेसिंग फी' मागितली, तर ती वेबसाइट किंवा तो माणूस खोटा आहे. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. ऑथॉरिटीचा पत्ता हड या केंद्रीय खात्याच्या यादीतून घ्या.

'मुलाचा पगार मोठा आहे, आम्हाला कुठलं मिळतंय'

हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण बहुतेकदा ते चूक असतं. आईबाबा स्वतंत्र घरासाठी अर्ज करत असतील, तर त्या घरात जे राहणार त्यांचंच उत्पन्न धरतात. मुलाचा पगार त्यात येत नाही. पण मुलगा दर महिन्याला आईच्या खात्यात ठरावीक रक्कम टाकत असेल, तर ती नियमित मदत उत्पन्न म्हणून धरली जाते आणि ती लिहायला हवी. महाराष्ट्र शासनाची पेन्शन, एलआयसीची वार्षिकी, फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज हे सगळं डॉलरमध्ये बदलून उत्पन्नात येतं.

उत्पन्नाची मर्यादा काउंटीगणिक बदलते. त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८०, ५० आणि ३० टक्के अशा तीन पायऱ्या आहेत. नवी व्हाउचर द्यायची तर दर शंभरांतली ७५ सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कुटुंबांना द्यावी लागतात. भाडं साधारणपणे वजावटीनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्के बसतं. ज्येष्ठ कुटुंबाला ठरावीक वजावट मिळते, आणि विम्याने न भरलेला औषधोपचाराचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेला तर तोही वजा होतो. चष्मा, दात, श्रवणयंत्र, मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे हप्ते यांच्या पावत्या वर्षभर एका पाकिटात साठवा. मी पाहिलेल्या अर्जांत सर्वांत जास्त हुकलेली गोष्ट हीच.

प्रवेशाची अट मात्र स्पष्ट आहे. ग्रीन कार्ड असेल तर पात्रता आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना ही मदत मिळत नाही, आणि 'पाहू तरी भरून' म्हणून फॉर्मवर खोटी खूण करणं पुढच्या इमिग्रेशनच्या कागदांना बाधू शकतं.

पुण्याचा फ्लॅट

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

'तिकडची मालमत्ता इथे कोण विचारतंय?' असं काका लोक सहज म्हणतात. फॉर्म विचारतो. तुमच्या मालकीचं जे काही आहे, मग ते कुठल्याही देशात असो, ते संपत्तीत येतं. फ्लॅट, प्लॉट, बँकेतली एफडी, सोसायटीतली ठेव, शेअर सगळं. २०१६ च्या होटमा कायद्याने संपत्तीला एक लाख डॉलरची मर्यादा घातली. ती दरवर्षी महागाईप्रमाणे थोडी वर सरकते आणि नव्या अर्जदाराला ती ओलांडता येत नाही. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आली आहे, म्हणून अर्ज कराल तिथे आजचा आकडा आणि तो लागू आहे का, हे दोन्ही विचारून घ्या. कोथरूडचा ऐंशी लाखांचा फ्लॅट एकटाच मर्यादेच्या जवळ जातो, हे डोक्यात असू द्या. हिशेबात बाजारभावातून विक्रीचा वाजवी खर्च आणि उरलेलं कर्ज वजा होतं, तेव्हा ते कागद जोडा.

यावर घरोघरी सुचणारा उपाय म्हणजे 'फ्लॅट बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर टाकू, मग अर्ज करू'. हा उपाय चालत नाही. मागच्या दोन वर्षांत बाजारभावापेक्षा कमी किमतीत किंवा फुकट दिलेली मालमत्ता अजून तुमचीच आहे असं धरतात. फॉर्ममध्ये तसा थेट प्रश्न असतो आणि खाली सही असते.

लपवणं तर त्याहून वाईट. ग्रीन कार्डधारकाच्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, तर त्यांची माहिती अमेरिकी सरकारला वेगळी द्यावीच लागते. एका फॉर्मवर खातं आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी अवस्था साठीपुढच्या आईबाबांवर आणू नका. नंतर उघडकीला आलं तर घर जातं, मिळालेली सवलत परत भरावी लागते आणि ती थकबाकी देशभरातल्या ऑथॉरिटींना दिसते.

याउलट काही जण नको तितके घाबरतात. गावची वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर चार भाऊ नि दोन बहिणींची नावं, वाटणी झालेली नाही. अशा मालमत्तेबाबत तुम्हाला ती एकट्याने विकण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. सातबारा काढा, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, भाषांतरकाराची सही घ्या आणि एका पानावर साध्या शब्दांत परिस्थिती लिहा. सातबारा म्हणजे काय हे समोरच्या अधिकाऱ्याला माहीत नसतं. ते समजावणं आपलं काम आहे, आणि नीट समजावलं की माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

नावाचा घोळ

आपल्याकडच्या कितीतरी आज्यांची लग्नात नुसती आडनावंच नव्हे, पहिली नावंही बदलली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, बँकेत नवऱ्याच्या नावासकट तीन शब्दांचं आणि ग्रीन कार्डवर त्यातलं मधलं गायब. आपल्याला ही चारही माणसं एकच दिसतात, संगणकाला चार दिसतात. अर्ज ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्डावरच्या नावाने भरा, अक्षर न् अक्षर तसंच. बाकीच्या नावांसाठी 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. ती दोन कार्डंच आपसात जुळत नसतील, तर आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात दुरुस्ती करा, मग अर्ज.

जन्मतारखेचंही तसंच. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली १ जून ही तारीख आपल्या मागच्या पिढीत घरोघरी आहे. खरी तारीख आषाढातली असली तरी इथे १ जूनच लिहा, सगळीकडे.

पत्र आणि पुण्याची वारी

सुरुवातीच्या काकूंकडे परत येते. ऑथॉरिटी यादी अधूनमधून छाटते. पत्राला वेळेत उत्तर नाही आलं की नाव काढतात. म्हणून भारतात जाण्याआधी ऑथॉरिटीच्या पोर्टलवरचा ईमेल मुलाचा किंवा सुनेचा करा, पर्यायी संपर्क व्यक्तीचा रकाना भरा आणि टपाल कोण उघडणार हे नाव घेऊन ठरवा. घर बदललं, फोन बदलला, दोघांपैकी एक जण गेलं, तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे उत्तर देता आलं नसेल, तर डॉक्टरांचं पत्र जोडून नाव पूर्ववत करण्याची मागणी करा. अपंगत्वासाठी व्हाउचरच्या नियमांत ही सोय स्पष्ट आहे. आमच्या काकूंच्या बाबतीत तसं कारण नव्हतं.

प्राधान्याचे रकानेही घाईत सोडू नका. 'नोकरी करणाऱ्यांना प्राधान्य' असं दिसलं की निवृत्त माणूस तो रकाना सोडून देतो. पण असं प्राधान्य ठेवणाऱ्या ऑथॉरिटीला ६२ वर्षांपुढच्या आणि अपंग अर्जदारांनाही तोच लाभ द्यावा लागतो. तिथे खूण करा.

घर मिळाल्यावरही वारीला मर्यादा आहे. व्हाउचरच्या घरातून सलग १८० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहता येत नाही, आणि ऑथॉरिटी याहून कमी मुदतही ठरवू शकते. तिकीट काढण्याआधी लेखी विचारा.

व्हाउचर हातात आल्यावर

मुलाने गुंतवणूक म्हणून कॉन्डो घेतलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं, आईबाबा तिथेच भाड्याने राहतील, व्हाउचर भाडं देईल. हे चालत नाही. आईवडील, आजीआजोबा, मुलगा, मुलगी, नातवंडं, भाऊ, बहीण यांच्या मालकीच्या घराला व्हाउचर लागत नाही. अपवाद फक्त अपंग व्यक्तीच्या गरजेचा, तोही ऑथॉरिटीने आधी मंजूर केला तर.

शोधायला किमान ६० दिवस मिळतात. मुदतवाढ हवी असेल तर ती मुदत संपण्याआधी मागा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा भाडं जास्त असेल, तर सुरुवातीला तुमचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नये. त्यामुळे आवडलेलं घरही नाकारलं जाऊ शकतं. ऑथॉरिटीने पाहणी करून मंजुरी देईपर्यंत सामान हलवू नका. मालकाने 'वरचे दोनशे रोख द्या' म्हटलं तर नाही म्हणा. असे पैसे देणं नियमाबाहेर आहे आणि त्यात व्हाउचर जातं.

आजीला रात्री सोबतीची गरज असेल, तर 'लिव्ह-इन एड' ही सोय मागा. मंजूर झाली तर सोबतीणीचं उत्पन्न धरत नाहीत आणि तिच्यासाठी वेगळी खोली मिळू शकते. न विचारता कोणाला राहायला आणलं तर तोच माणूस 'अनधिकृत रहिवासी' ठरतो.

नकाराचं पत्र आलं तर

ते फाडू नका. त्यात कारण लिहिलेलं असतं आणि फेरविचार मागायची मुदत असते, बहुधा फार थोडी. त्या मुदतीत दोन ओळींचं पत्र पुरतं : मी या निर्णयाचा फेरविचार मागते, माझी फाइल मला पाहायला द्या. कागद नंतर जोडता येतात, तारीख मात्र परत मिळत नाही. काउंटीच्या मोफत कायदा मदत केंद्रात ज्येष्ठांना अशा वेळी वकील मिळू शकतो. मी पाहिलेल्या दोन नकारांत कारण नावातल्या फरकाचं होतं. प्रतिज्ञापत्र दाखवल्यावर दोन्ही नावं यादीत परत आली, आणि त्यातली एक आजी गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या, लिफ्टजवळच्या खोलीत राहायला गेली.