पॅराट्रूपर्सच्या बेरेट जमवायच्या असतील तर

बेरेट म्हणजे सैनिकांची मऊ, बिनकाठाची टोपी, आणि पॅराट्रूपर (किंवा नुसतं पॅरा) म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारा सैनिक. सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं बसवा, तुम्ही नुसती टोपी घेत नाही आहात. लोकरीची मरून टोपी कुठेही मिळते आणि तिला तशी फारशी किंमत नसते. किंमत येते ती टोपी, बॅज, बॅजच्या मागचं कापड आणि आतलं लेबल हे चारही एकाच काळातले, एकाच युनिटचे निघाले तर. त्यामुळे "रंग भारी आहे, घेऊन टाकू" असं करायचं नाही, आधी हे चौघं एकमेकांशी जुळतायत का ते बघायचं.

सुरुवातीला एकच देश धरा, नाहीतर एकच काळ धरा. सगळं जग एकदम गोळा करायला गेलात तर कपाट भरतं पण कळत काहीच नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेलच. मरून रंगाची सुरुवात ब्रिटिशांची, १९४२ ची, जनरल ब्राउनिंगच्या एअरबोर्न, म्हणजे विमानातून उतरणाऱ्या, फौजेपासून. त्याच वर्षी शेवटी शेवटी ही पोरं उत्तर आफ्रिकेत उतरली आणि पुढे 'लाल सैतान' म्हणून नाव झालं. (विक्रेते हमखास सांगतात की रंग ब्राउनिंगच्या बायकोने, म्हणजे कादंबरीकार डॅफ्नी ड्यू मॉरिएने निवडला, तिने स्वतःच हे नाकारलं होतं, त्यामुळे या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.) मग तोच रंग भारत, पाकिस्तान, जर्मनी, इटली, पोलंड, अमेरिका असा पसरत गेला. पण मरून म्हणजे पॅरा आणि पॅरा म्हणजे मरून हे समीकरण लावलंत की फसलात. स्पेनचे पॅरा काळी घालतात, पोर्तुगालचे हिरवी, रशियाचे आकाशी निळी, फ्रान्सचे लाल, पण त्याच फ्रान्सच्या फॉरेन लिजनची (परदेशी सैनिकांची फौज) दुसरी पॅराशूट रेजिमेंट हिरवी. आणि उलटंही आहे, रशियात अंतर्गत सुरक्षा दलाच्या स्पेत्सनाझची (विशेष पथकांची) एक गडद लाल बेरेट असते, ती कठीण परीक्षा देऊन मिळते, तिचा पॅराट्रूपर दलांशी संबंध नाही, तरी ती 'रशियन पॅरा' म्हणून सर्रास विकली जाते.

बॅज कुठल्या बाजूला हेही बघा. ब्रिटिश पद्धतीत बॅज डाव्या डोळ्याच्या वर आणि कापड उजवीकडे ओढलेलं, फ्रेंच पॅरांचं बरोबर उलट, बॅज उजवीकडे. फ्रेंच बॅज म्हणजे पंख असलेला हात आणि त्यात खंजीर. असा बॅज डाव्या बाजूला टोचलेला दिसला तर कोणीतरी घरी बसून जोडलाय असं समजा.

आता लेबल. माझ्या मते खरी मजा इथे आहे आणि बरेच लोक आत बघतच नाहीत. नाटो देशांच्या मालावर १३ आकडी स्टॉक नंबर असतो, पहिले चार आकडे मालाचा प्रकार, बेरेटसाठी साधारण ८४०५, आणि पुढचे दोन आकडे देश सांगतात: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १३ बेल्जियम, १४ फ्रान्स, १५ इटली, ०० किंवा ०१ अमेरिका. म्हणजे विकणारा ब्रिटिश म्हणतोय आणि लेबलवर १२ आहे तर प्रश्न विचारा. अमेरिकन लेबलवर कॉन्ट्रॅक्ट नंबर असतो, त्यातला मधला दोन आकडी भाग बहुतेक वेळा वर्ष असतो, जसं डीएलए१०० (खरेदी खात्याचा कोड) च्या पुढे ८१ असेल तर १९८१ चं कॉन्ट्रॅक्ट. जुन्या ब्रिटिश बेरेटमध्ये कांगोल किंवा कॉम्प्टन वेबचं नाव, साइज, वर्ष आणि सरकारी बाणाचा शिक्का सापडतो. लेबल कापलेलं असेल तर लगेच नकली म्हणू नका, सैनिक टोचतं म्हणून कापून टाकतात, पण मग भाव कमी करून मागायचा.

अमेरिकन घेणार असाल तर वर्षं पाठच करा. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनने सत्तरच्या दशकात मरून अधिकृत मंजुरीशिवायच घातली, १९७९ ला ती बंद झाली आणि १९८० च्या शेवटी अधिकृतपणे परत आली. टोपीच्या पुढच्या बाजूला बॅजच्या मागे ढालीच्या आकाराचं रंगीत कापड असतं, त्याला फ्लॅश म्हणतात, त्यावरून युनिट कळतं. साध्या सैनिकाच्या फ्लॅशवर युनिटचं चिन्ह आणि ऑफिसरच्या फ्लॅशवर त्याची रँक. सगळ्यात मोठा घोळ रेंजर्सचा (अमेरिकन आर्मीचं निवडक पायदळ), २००१ पर्यंत काळी बेरेट त्यांची ओळख होती, मग ती सगळ्या आर्मीला दिली आणि रेंजर्स टॅन रंगावर गेले. साहजिकच आता काळ्या बेरेट ढिगाने आहेत आणि त्यावर रेंजरचा फ्लॅश शिवून 'जुनी दुर्मिळ' म्हणून विकायला दहा मिनिटं लागतात! लेबल २००१ नंतरचं निघालं तर नमस्कार करून पुढे व्हा.

ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या बॅजवर मुकुट असतो, तो काळ सांगतो. राजा सहाव्या जॉर्जच्या वेळचा मुकुट वर गोल कमानीचा, एलिझाबेथच्या काळातला मधे दबलेला. पण चार्ल्सने परत गोल कमानीचा घेतलाय, म्हणून आता नुसता गोल मुकुट बघून 'महायुद्धातला' असं कोणी म्हटलं तर बॅजचा धातू आणि मागची पिन बघितल्याशिवाय मान डोलवू नका. सोव्हिएत मालाचंही तसंच, पानांच्या वेढ्यात लाल तारा दिसला म्हणजे सोव्हिएत काळ असं नाही, तो तारा नंतरही चालू राहिला. शिवाय २ ऑगस्टला तिकडे पॅराट्रूपर दलांचा दिवस असतो, माजी सैनिक निळ्या बेरेट घालून रस्त्यावर असतात, त्यामुळे स्मरणवस्तू म्हणून बनवलेल्या बेरेट भरपूर.

वापरलेली खरी कशी ओळखायची? बॅज अलगद उचला, खालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद राहिलेलं असतं, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं, आणि बॅजचा दाबलेला ठसा असतो. भोकं एकाच जागी हवीत, तीन चार जोड्या असतील तर बॅज बदललेत. आतल्या पट्टीवर घामाचा डाग, मागे नाडीची गाठ. फ्लॅशचे टाके आतून बघा, टोपी झिजलेली आणि दोरा कोरा करकरीत असेल तर काहीतरी गडबड आहे. सैनिक नवी बेरेट भिजवून डोक्यावर आकार देतात, वरची लव रेझरने काढतात, म्हणून गुळगुळीत झालेली टोपी खराब नव्हे, ती वापराची खूण. तुम्ही मात्र हे काही करू नका, आहे तशी ठेवा.

पट्टीवर कधी कधी सैनिकाचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो. तो पुसायचा नाही, पण फोटो टाकताना झाकायचा, तो माणूस अजून नोकरीतही असू शकतो. आणि घालून बाहेर फिरू नका, सैनिक असल्याची बतावणी करणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे आणि ज्यांनी ती कमावलीय त्यांना ते बघवतही नाही.

सांभाळायचं म्हणजे मुख्य शत्रू कसर. नवीन आलेली बेरेट थेट बाकीच्यांत ठेवू नका, पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ किंवा त्याहून थंड फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका नाहीतर ओल धरते. मग आत ऍसिडमुक्त कागदाचा बोळा भरून आडवी ठेवा, हुकला टांगू नका, उन्हात तर अजिबात नाही, मरून रंग उडून विटकरी होतो. पितळी बॅज पॉलिशने घासू नका, नक्षी जाते, आणि चमकणारे ॲल्युमिनियमचे असतील तर वरचा मुलामाच निघतो. पितळेला चामडं लागून हिरवट चिकट थर आला असेल तर लाकडी टूथपिकने हळू काढा.

प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी ठेवा, कोणाकडून, कधी, किती दिले, आणि विकणाऱ्याने जे सांगितलं ते वेगळं आणि तुम्ही स्वतः तपासून जे पक्कं केलं ते वेगळं, दोन्ही एकाच ओळीत मिसळू नका.