अशुभ दिवसाचा उगम कसा शोधावा

गावात अमुक दिवस अशुभ मानतात, एवढेच लिहून ठेवल्याने काही हाती लागत नाही. त्या दिवशी नेमके काय करू नये, हे कोण सांगतो आणि सांगणाऱ्याचा व्यवसाय कोणता, हे आधी टिपून घ्यावे. ‘अवसेला प्रवासाला निघू नये’ आणि ‘अवसेच्या रात्री खाडी उतरू नये’ ही दोन वाक्ये एकाच ओटीवर ऐकू आली, तरी त्यांची मुळे वेगळी असू शकतात.

मग पंचांग आणि भरती-ओहोटीचे कोष्टक शेजारी ठेवावे. कोष्टक नसल्यास आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला ती तीनच्या, अष्टमीला सहाच्या आणि अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास येते. म्हणजे अमावास्येच्या मध्यरात्री खाडी उधाणाने तुडुंब असते आणि चांदणे अजिबात नसते. होडीने पलीकडे जावे लागे त्या काळात हा धोका खराच होता, आणि बहुतेक जण येथेच समाधानाने वही मिटतात.

ती मिटू नये. सापडलेले कारण उलट उदाहरणांवर घासून पाहावे. उधाण पौर्णिमेलाही येते, तरी नारळी पौर्णिमेला आपण दर्याची पूजा करतो. उत्तर कोकणात डोल नावाचे जाळे लावणाऱ्या कोळ्यांना तर अमावास्येच्या आगेमागे पाण्याला येणारी ओढ हवीच असते, कारण त्यांचे जाळे प्रवाहाच्या जोरावर भरते. शिवाय खाडी न पाहिलेल्या घाटमाथ्यावरही अवस टाळतात, आणि समुद्रकाठच्याच तमिळनाडूत ती नव्या कामाला चांगली मानली जाते. तेव्हा उधाणाने खाडीचा निषेध उलगडतो, प्रवासाचा नाही. प्रवासाच्या निषेधाचा धागा, माझ्या मते, अमावास्या ही श्राद्ध-तर्पणाची, पितरांची तिथी असण्यात शोधावा. (पितरांची तिथी तमिळनाडूतही तीच, निष्कर्ष मात्र उलटा.)

वारांच्या निषेधांसाठी किनाऱ्यावर शोधाशोध करू नये. सात दिवसांचे चक्र भरतीत नाही आणि पिकातही नाही. वार ग्रहांच्या नावांनी आले. भारतातील कोरीव लेखांत वाराचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील गुप्त राजा बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, इ. स. ४८४ मधील गुरुवारचा, आहे. त्यामुळे शनिवारी केस न कापण्याचे मूळ शनी या ग्रहाच्या फलज्योतिषात पाहावे.

दंतकथा सर्वांत शेवटी तपासाव्यात, कारण त्या फार लवकर पटतात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी देवीने किंकरासुराला मारले म्हणून किंक्रांत अशुभ, असे सांगतात. पण असुर मेला तो दिवस आनंदाचा नको का? पंचांग उघडल्यास होळीचा दुसरा दिवसही करिदिन, म्हणजे अशुभ दिवस, म्हणून छापलेला दिसतो आणि तेथे किंकरासुर नाही. नियम आधीचा असावा आणि कथा त्याला मागाहून चिकटली असावी.