टाटा ४०७ चं इंजिन घरी बांधायचंय? पाना नंतर, आधी मायक्रोमीटर

आमचा छोटा ट्रक, जुनी टाटा ४०७, ऑइल प्यायला लागली होती, रोज सकाळी डिपस्टिक बघायची आणि अर्धा लिटर टाकायचं, वर सोलापूरजवळच्या नान्नजच्या चढाला भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर यायची. शेवटी दारातच पत्र्याखाली इंजिन खोललं. दोनदा खोललं खरं तर, दुसऱ्यांदा का ते पुढं सांगतो.

आधी खोलायची गरज आहे का ते बघा. इंजिन गरम असताना ऑइल टाकायचं झाकण काढा, भक् भक् धूर बाहेर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेले. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. नुसता काळा धूर असेल तर थांबा, एअर फिल्टर आणि डिझेल फवारणारे नोझल बघा, उगाच हजारोंचं काम काढू नका.

४०७ मधलं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलेंडर, ९७ मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), १०० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल), २९५६ सीसी. चौघांनी उचलू म्हणाल तर जमणार नाही, चेन पुली भाड्यानं आणा आणि ती पत्र्याच्या अँगलला लटकवू नका, अँगल वाकतो. जाड लोखंडी गर्डर किंवा तिकाटणं (तीन पायांची घोडी) पाहिजे. आणि इंजिन लटकत असताना खाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

खोलताना मोबाईलवर फोटो काढत जा, प्रत्येक पाइपचा, प्रत्येक वायरचा. हेडचे (सिलेंडरांवरच्या झाकणाचे) बोल्ट बाहेरून आत थोडे थोडे ढिले करायचे, एकदम एका बाजूनं सोडले तर हेड वाकतं. मेन (क्रँक ब्लॉकला धरणाऱ्या) आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांच्या) कॅपांवर नंबर आहेत का बघा, नसतील तर पंचनं ठिपके मारा, एक, दोन, तीन, चार, आणि कुठली बाजू पुढं तेही. ही कॅप त्याला आणि ती याला चालत नाही, कंपनीत जोडूनच बोअर मारलेलं असतं. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या बारीक दांड्या, पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोचून ठेवा.

आता मोजणं, मायक्रोमीटरनं, म्हणजे मिमीचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या मापानं. बोअर वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्ही मोजायचं, कारण घासतं ते वरच्या रिंगपाशी जास्त, आणि गोल न राहता लंबगोल होतं. क्रँकच्या जर्नलचंही (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचंही) तसंच. सोलापुरात मे महिन्यात काम काढलं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ओतीव लोखंड तापलं की फुगतं. ९७ मिमीचा बोअर २० अंशांनी जास्त तापला तर साधारण ०.०२ मिमी मोठा दिसतो, आणि उन्हात पडलेला ब्लॉक ५० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून ब्लॉक आणि मायक्रोमीटर दोन्ही रात्रभर घरात एकाच जागी ठेवा आणि पहाटे मोजा. मी दुपारी मोजून लेथवाल्याशी भांडून आलो होतो, माप त्याचंच बरोबर निघालं.

लायनर बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, हे घरी होत नाही, नाद करू नका. क्रँक "दहा" किंवा "वीस" काढला असं लेथवाला म्हणेल, म्हणजे १० किंवा २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), साधारण ०.२५ किंवा ०.५० मिमी, बेअरिंग त्याच मापाचं घ्यायचं. बेअरिंग आधी आणून ठेवणारे हुशार पण असतात, मग दुकानदार परत घेत नाही. हेडचं प्रेशर टेस्टिंग करून घ्या, तडा असेल तर सगळी मेहनत पाण्यात. नोझल आणि डिझेलचा पंप पंपवाल्याकडं टेस्टिंगला द्या.

आता माझी चूक. क्रँक ग्राइंडिंग होऊन आला, चकाचक दिसत होता, मी फडक्यानं पुसला आणि बसवला. थोडेच दिवस चाललं आणि खालून टक् टक् सुरू. खोललं तर बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग ओरबाडलेलं. ओळखीचे मिस्त्री आले, बेअरिंगवरून नख फिरवलं आणि एकच विचारलं, "भोकं धुतलास का बे?" क्रँकच्या आत ऑइलची भोकं असतात, ग्राइंडिंगची पूड त्यात जाऊन बसते. प्लग असतील तर काढा, डिझेल घाला, लांब ब्रश फिरवा, हवा मारा, परत डिझेल, परत हवा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. ब्लॉकच्या गॅलऱ्याही (ऑइलच्या वाटाही) तशाच. आणि रात्री इंजिन झाकायला घरातली जुनी चादर घेऊ नका, आपल्या चादरीचं सूत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. प्लास्टिक टाका.

रिंग पिस्टनमध्ये घालायच्या आधी एकटी बोअरमध्ये टाका, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. या बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी धरतात, तरी शेवटचा आकडा मॅन्युअलचा. फटच नसेल तर रिंग तापल्यावर दोन्ही टोकं भिडतात आणि लायनर सोलून काढते. बसवताना रिंगांची तोंडं एका ओळीत ठेवू नका. पिस्टनची खूण पुढं, टायमिंग गिअरच्या खुणा समोरासमोर. मेन कॅप टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं) आवळत जा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हातानं फिरवून बघा, जिथं जड लागेल तिथंच थांबा, पुढं आवळत बसू नका. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा.

चालू करताना आधी स्टॉपर (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून नुसता स्टार्टर मारा, थांबून थांबून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग डिझेलची हवा काढा आणि चालू करा. तासभर नुसतं आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. हलकं वजन टाकून हैदराबाद रोडला एक चक्कर मारा, गिअर बदलत, जास्त न ओढता.

पहिलं ऑइल ५०० किमीलाच काढा, फिल्टर कापून उन्हात धरा. थोडी करडी पूड चालते. पिवळी-चांदीसारखी चमचम दिसली तर गाडी आहे तिथंच उभी करा आणि संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवा.