जुन्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट शांत कसा करायचा
सायलेन्सर बदलायच्या आधी लीक शोधा, बऱ्याचदा खरी गडबड तिथेच असते. इंजिन थंड असताना मोकळ्या जागेत स्टार्ट करा आणि कुणालातरी जाड फडकं टेलपाइपवर क्षणभर दाबून धरायला सांगा, मॅनिफोल्ड गॅस्केट (इंजिनला एक्झॉस्ट जोडतात तिथलं सील) किंवा एखाद्या जॉइंटमधून फुसफुस आली, काजळीचा डाग दिसला की सापडलाच लीक. मग सायलेन्सर. स्ट्रेट-थ्रू (धूर सरळ आरपार जाणारा) असेल तर आतल्या छिद्रांच्या पाइपभोवतीची ग्लासवूल हळूहळू जळून उडून जाते, उघडता येत असेल तर नवीन भरा, खरंच फरक पडतो. ठरावीक आरपीएमलाच घुमत असेल तर मधे रेझोनेटर (ठरावीक सुराचा आवाज मारणारा डबा) टाका, आणि पाइप लटकवणारे रबर हँगर पण बघा, पाइप बॉडीला टेकला की अख्खी केबिन घुमते. पाइप बारीक करून आवाज दाबू नका प्लीज, बॅकप्रेशर (धूर बाहेर पडायला होणारा अडथळा) वाढून पॉवर जाते.